जासूस, खबऱ्या आणि तजस्सुस

उर्दूत रहस्यकथेची तारीफ करताना 'तजस्सुस' हा शब्द हमखास येतो. कथेत तजस्सुस आहे, म्हणजे पुढे काय होणार ही उत्कंठा शेवटपर्यंत टिकते. पण हाच शब्द कुरआनच्या सूरह हुजुरातमधील १२व्या आयतीत मनाई म्हणून आला आहे. फाजील संशय, दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा छडा लावणे आणि पाठीमागे निंदा करणे, या तिन्हींपासून ती आयत रोखते. 'जासूस' हा शब्दही त्याच धातूतला. साहित्यातला गुण आचरणात गुनाह ठरतो! हा पेच बाजूला ठेवून रहस्यकथेची समीक्षा पुरी होत नाही, असे आम्हांस वाटते.

१९५२ साली इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' अलाहाबादेतून सुरू झाली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाने वाचकांना वेड लावले. आम्हीही या दोन्ही दुनियांत रमलो. मात्र फरीदी हा सरकारी अधिकारी आहे आणि इम्रान तर सीक्रेट सर्व्हिसचा छुपा प्रमुख. त्यांच्या पाळतीमागे हुकूमत उभी आहे. झुंजार आणि काळापहाड कायद्याबाहेर वावरतात, पण खलनायक खलनायकच असल्याची खात्री लेखक आपल्याला देऊन ठेवतो. त्यामुळे भिंत ओलांडली तरी वाचकाचे मन टोचत नाही. चुकून एखाद्या निर्दोष घरात शिरकाव झाला, तर त्या घराचे पुढे काय झाले, हे या कथा क्वचितच सांगतात. त्यांची खरी उणीव हीच.

ते घर आम्ही सांगलीत पाहिले. परिचयातल्या एका मुलीची मंगनी झाली होती. मुलाकडच्यांनी पैसे देऊन तिच्यामागे माणूस लावला. मोटारसायकलवर एका तरुणामागे बसलेल्या मुलीचा फोटो आला आणि सोयरीक मोडली. तो तरुण तिचा मामेभाऊ होता. फोटो काढणाऱ्याने ते विचारलेच नव्हते.

आणि हा मुलूख कोणता? १९४२च्या लढ्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इंग्रजांच्या खबऱ्यांना अद्दल घडवली, 'पत्री'ची दहशत बसवली. ज्या गावांना खबऱ्या नकोसा होता, तिथेच आज लग्नासाठी खबऱ्या भाड्याने घेतला जातो.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. खासगी गुप्तहेराला झडतीचा किंवा फोन ऐकण्याचा कोणताही खास अधिकार नाही. या धंद्यावर नियंत्रण आणणारे विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१८ साली मोबाईलचे कॉल तपशील बेकायदा मिळवल्याच्या आरोपावरून ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. उलट, पती-पत्नीच्या वादात गुपचूप केलेले रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालू शकते, असे त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली म्हटले. म्हणजे कायद्याची रेषा अजून पुरती आखलेली नाही.

मग सोयरिकीची चौकशी करूच नये काय? जरूर करावी. हजरत फातिमा बिंते कैस यांनी आलेल्या दोन स्थळांविषयी सल्ला विचारला, तेव्हा पैगंबरांनी (स.) दोघांच्याही उणिवा स्पष्ट सांगितल्या, अशी हदीस आहे. पण ती उघड विचारणा होती, पाळत नव्हती. उलट हजरत उमर (रजि.) एकदा आतला गुनाह पकडायला भिंत चढून एका घरात उतरले. घरमालकाने त्यांनाच सुनावले: तुम्ही पाळत ठेवलीत, दरवाजा सोडून आलात, इजाजत घेतली नाहीत. खलीफा मुकाट्याने परतले, अशी रिवायत आहे.

या रिवायतीत कादंबरीला पुरेल एवढे नाट्य आहे. आमच्या लेखकांनी असा जासूस रंगवावा, जो भिंतीपाशी थबकतो, वळसा घालून दारावर येतो आणि सलाम करून विचारतो. तजस्सुस त्या कथेतही असेल. पण तो वाचकाच्या मनात असेल, मुलीच्या मागे नसेल.