'चिनी भाषेत व्हॅलिडेटेड' म्हणजे नक्की कुणावर?



सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळेच एक वाक्य हमखास टाकतो: 'या अभ्यासात व्हॅलिडेटेड स्केल वापरण्यात येईल.' मीही टाकलं होतं. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "कुणावर व्हॅलिडेटेड?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज तोच प्रश्न आपण एका प्रसिद्ध स्केलला विचारू.

हे स्केल म्हणजे सिव्हिअॅरिटी ऑफ डिपेन्डन्स स्केल, थोडक्यात एसडीएस. १९९५ मध्ये गॉसॉप आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं. तपासणी झाली लंडन आणि सिडनीत. हेरॉईन, कोकेन, अॅम्फेटामाइन वगैरे वापरणाऱ्यांवर. प्रश्न फक्त पाच. वापर हाताबाहेर गेलाय असं वाटतं का? मिळणार नाही या विचाराने जीव कासावीस होतो का? वापराची काळजी वाटते का? सोडावंसं वाटतं का? सोडणं किती अवघड जाईल? प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण १५.

आधी गुण सांगतो. दोन मिनिटांत भरून होतं. किती ओढलं, किती वेळा ओढलं हे विचारतच नाही, माणसाचं मन किती अडकलंय ते विचारतं. कामाच्या गर्दीत असलेल्या समुपदेशकाला अशी चाळणी सोयीचीच.

पण चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची, म्हणजे कट-ऑफ किती? ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ गांजा वापरणाऱ्या प्रौढांसाठी १९९८ मध्ये ३ हा कट-ऑफ निघाला. पुढे तिथल्याच किशोरवयीनांसाठी ४ निघाला. देश तोच, भाषा तीच, पदार्थ तोच. फक्त वय बदललं तर आकडा हलला. मग भाषा, देश आणि कायदा तिन्ही बदलल्यावर काय होईल?

पहिली अडचण: चिनी म्हणजे कुठली?

हाँगकाँगमध्ये लोक कँटोनीज बोलतात आणि पारंपरिक लिपी वाचतात. तैवानमध्ये लिपी पारंपरिकच, पण बोलणं मुख्यतः मँडरिन. चीनमध्ये आणि सिंगापूरमध्ये सोपी केलेली लिपी. 'चायनीज व्हर्जन' असं एका ओळीत लिहिणारा पेपर हे सगळं एका पोत्यात भरतो. त्यात शब्दांचं ओझंही असतं. तलफेसाठी चिनीत 'यिन' हा शब्द आहे, आणि त्याला अफूच्या काळाचा वास आहे. तो वापरला तर वीकएंडला गांजा ओढणारा विद्यार्थी म्हणेल, "हे माझ्याबद्दल नाहीच." सौम्य शब्द 'यीलाय' घेतला, तर त्याचा रोजचा अर्थ 'कुणावर विसंबणं' असाही होतो. उलट भाषांतर करून मूळ इंग्रजी वाक्य परत मिळालं म्हणून हा फरक मिटत नाही.

दुसरी अडचण: काळजी कसली?

माझा मुख्य आक्षेप तिसऱ्या प्रश्नावर आहे. हाँगकाँगमध्ये गांजा बाळगणं किंवा ओढणं यासाठी कमाल शिक्षा ७ वर्षं कैद आणि १० लाख हाँगकाँग डॉलर दंड. सिंगापूरमध्ये तिथल्या नागरिकाने परदेशात ओढला तरी तो गुन्हा. आणि कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना कायद्याने मोकळीक. आता हाँगकाँगमधला एक तरुण आणि टोरांटोत राहणारा त्याचा चुलतभाऊ, दोघांना एकच कँटोनीज प्रश्न विचारा: वापराची काळजी वाटते का? पहिल्याचे दोन गुण पोलिसांच्या भीतीचे असू शकतात. किंवा त्याच भीतीने तो सरळ 'कधीच नाही' वर खूण करेल. म्हणजे चूक दोन्ही दिशांना होऊ शकते.

ही शंका हवेतली नाही. डीएसएम-४ मध्ये 'कायदेशीर अडचणी' हा गैरवापराचा एक निकष होता. २०१३ च्या डीएसएम-५ मधून तो काढला. देशोदेशी तो सारखा लावता येत नाही, हे त्यामागचं एक कारण. त्याच आवृत्तीत 'गैरवापर' आणि 'अवलंबित्व' एकत्र करून ११ निकषांचा एकच विकार केला. त्यामुळे पेपर वाचताना हेही बघा: स्केलची तुलना जुन्या निदानाशी केलीय की नव्या?

तिसरी अडचण: सॅम्पल कुठून आणलं?

अशा अभ्यासांत बऱ्याचदा उपचार केंद्रात आलेले लोक घेतले जातात. ते सोयीचं असतं, पण गणित करून बघा. समजा, चाळणी ८० टक्के अवलंबित लोकांना पकडते आणि अवलंबित नसलेल्या ८० टक्क्यांना बरोबर सोडते. केंद्रातल्या १००० पैकी ५०० अवलंबित असतील, तर ४०० खरे सापडतील आणि १०० उगाच. आता तीच चाळणी गांजा वापरणाऱ्या अशा १००० जणांना लावा, जिथे फक्त ५० अवलंबित आहेत. ४० खरे सापडतील आणि १९० उगाच. पकडलेल्या सहांपैकी जेमतेम एक खरा! जिथे गांजाचा शिक्का बसला की नोकरी आणि घरातली पत दोन्ही जाऊ शकतात, तिथे हे १९० म्हणजे नुसते आकडे नाहीत.

क्रॉनबाख अल्फा चांगला आला म्हणून खूश होऊ नका. पाच प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. ते अवलंबित्वावर जुळतात की भीतीवर, हे नाही सांगत.

मग स्केल फेकून द्यायचं का? अजिबात नाही. तैवानमध्ये हेरॉईन आणि हाँगकाँगमध्ये केटामीन वापरणाऱ्यांवर चिनी एसडीएस तपासलं गेलंय, आणि तो पाया उपयोगी आहे. पण पदार्थ बदलला की काम पुन्हा करायचं. दहा-बारा जणांना प्रश्न मोठ्याने वाचायला लावून "काय समजलास?" असं विचारायचं. प्रत्येक प्रश्न दोन गटांत सारखा वागतो का, हे तपासायचं. केंद्राबाहेरचे लोक घ्यायचे. आणि कट-ऑफ देताना तो किती मागेपुढे होऊ शकतो, तेही द्यायचं.

हे फक्त चिनीचं दुखणं आहे असं समजू नका. उद्या तुम्ही मराठी आवृत्ती करायला बसलात, तर पहिल्याच ओळीत अडाल: गांजा लिहायचा, चरस लिहायचा, की भांग? १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत. शिवरात्रीला भांग घेणारे काका स्वतःला या प्रश्नावलीत धरतील का?

मॅडमच्या प्रश्नानंतर मी सिनॉप्सिसमधलं ते वाक्य खोडलं आणि त्याजागी चार ओळी लिहिल्या: कोणत्या लोकांवर, कोणत्या भाषेत, कोणत्या निदानाशी ताडून, कोणत्या कट-ऑफवर. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ते एक वाक्य असेल, तर आज रात्री उघडून बघा.