एक आकडा, दोन रेषा

आज आपण एकच आलेख नीट बघू. २००९ साली प्रसिद्ध झालेली ‘आयपास’ ही चाचणी. पूर्व आशियातले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे १,२१७ रुग्ण, बहुतेकांनी कधी धूम्रपान न केलेलं. निम्म्यांना जेफिटिनिबची गोळी, निम्म्यांना केमोथेरपी. रोग बळावेपर्यंत किंवा मृत्यू येईपर्यंत किती काळ गेला, हे मोजायचं.

निष्कर्षात आकडा आला : हॅझर्ड रेशो ०.७४. म्हणजे गोळी घेणाऱ्यांना कोणत्याही क्षणी असलेला धोका २६ टक्क्यांनी कमी. ‘कोणत्याही क्षणी’ हे शब्द धरून ठेवा, सगळी गोम तिथेच आहे. डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये मांडलेलं प्रारूप, नेहमीच्या वापरात, दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच राहतं असं गृहीत धरतं.

आता कॅप्लान-मायर पद्धतीनं काढलेल्या रेषा बघा. सुरुवातीला केमोची रेषा वर. सहाव्या महिन्याच्या सुमारास दोन्ही एकमेकींना छेदतात, आणि मग गोळीची वर. निम्म्यांचा रोग बळावेपर्यंतचा काळ जवळजवळ सारखाच, ५.७ आणि ५.८ महिने. वर्षाअखेर मात्र रोग न बळावलेले गोळीच्या गटात २४.९ टक्के, केमोच्या गटात ६.७. धोका आधी जास्त, नंतर कमी. आणि आपण सांगणार ०.७४!

कुणी म्हणेल, दुसरं माप घ्या, रेषेखालचं क्षेत्रफळ मोजा. जरूर घ्यावं. पण रेषा मुळात छेदल्या का, हे त्यानं कळत नाही. इथं आम्हाला आमचे नैयायिक आठवतात. ‘अग्नी तिथे धूर’ म्हटलं की ते लगेच अडवणार : सरपण ओलं असेल तरच! ती उपाधी. इथली उपाधी म्हणजे गाठीतल्या ईजीएफआर जनुकातलं उत्परिवर्तन. ते असलेल्यांत गोळीचा रेशो ०.४८, नसलेल्यांत २.८५. नसलेल्यांपैकी निम्म्यांचा रोग गोळीवर दीड महिन्यात बळावला, केमोवर साडेपाच.

ही विभागणी संशोधकांनी स्वतःच छापली, त्याचं श्रेय त्यांना. आमची तक्रार आहे ०.७४ तेवढा उचलून पुढे सांगणाऱ्यांशी. तो आकडा ऐकून उत्परिवर्तन नसलेल्या बाईनं गोळी पत्करली, तर तिनं काय गमावलं? आणि या चाचणीतही उत्परिवर्तनाचा निकाल हाती आला तो ४३७ जणांचा. उरलेले ७८० कोणत्या बाजूचे, हे त्या आलेखावरून सांगता येत नाही.