उद्याच्या नावे आजचा खेळ : वीस वर्षांखालील जागतिक फुटबॉल स्पर्धेची चिकित्सा

प्रस्तावना

क्रीडाविषयक लेखनात काही कल्पना इतक्या रूढ होऊन बसतात की त्यांची तपासणी करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. वीस वर्षांखालील पुरुष संघांची जागतिक फुटबॉल स्पर्धा ही 'भावी ताऱ्यांची कार्यशाळा' होय, ही अशीच एक कल्पना आहे. दर दोन वर्षांनी स्पर्धा भरते, मॅराडोना आणि मेस्सी यांची नावे घेतली जातात, आणि यंदाच्या संघांतून त्यांचा वारस कोण निघणार याची चर्चा सुरू होते. मैदानावर प्रत्यक्ष जे घडत असते त्याचे मोल अशा रीतीने पुढील दहा वर्षांवर सोपवले जाते.

या दृष्टीमध्ये दोन दोष संभवतात. पहिला असा की स्पर्धेचा स्वतःचा इतिहासच तिला पुरेसा आधार देत नाही. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. खेळाडूचे आजचे मोल उद्यावर ढकलले की त्या उद्याच्या नावाने आज त्याचा वापर करणे इतरांना सोपे जाते. या दोन दोषांची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

स्पर्धेचा उगम

१९७४ मध्ये ब्राझीलचे जोआओ हॅवेलांज फिफाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या विजयात आशिया व आफ्रिकेतील मतांचा वाटा मोठा होता आणि युवा खेळाडूंसाठी जागतिक स्पर्धा सुरू करणे हे त्या पाठिंब्याशी निगडित असे आश्वासन होते. त्यानुसार १९७७ मध्ये ट्युनिशिया येथे पहिली स्पर्धा भरली. सोळा संघांच्या या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने मेक्सिकोला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले. १९९७ पासून संघांची संख्या चोवीस झाली आणि २००७ पासून स्पर्धेला 'वीस वर्षांखालील विश्वचषक' हे आजचे नाव मिळाले.

ट्युनिशिया, जपान, ऑस्ट्रेलिया, सौदी अरेबिया, मलेशिया, नायजेरिया ही यजमानांची यादी पाहिली तर एक गोष्ट स्पष्ट होते. मुख्य विश्वचषकाचे यजमानपद त्या काळी ज्या प्रदेशांच्या वाट्याला येत नव्हते, तेथे ही स्पर्धा पोहोचली. म्हणजे आरंभी तिचा हेतू तारे शोधण्याइतकाच खेळाचा भूगोल विस्तारण्याचाही होता. हा दुसरा हेतू पुढे चर्चेतून मागे पडला.

भाकिताची कसोटी

'आजचे युवा विजेते ते उद्याचे जगज्जेते' हे गृहीतक प्रत्यक्ष निकालांवर घासून पाहता काय दिसते? १९९५ ते २००७ या काळात सात स्पर्धा झाल्या. त्यांपैकी पाच अर्जेंटिनाने जिंकल्या. एवढे निर्विवाद वर्चस्व दुसऱ्या कोणत्याही देशाने या स्पर्धेत गाजवलेले नाही. तरीही १९८६ नंतर मुख्य विश्वचषक मिळवण्यासाठी त्या देशाला २०२२ पर्यंत थांबावे लागले. याउलट चार वेळा विश्वविजेता ठरलेल्या इटलीला ही युवा स्पर्धा एकदाही जिंकता आलेली नाही. २०२३ मध्ये तो संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला व उरुग्वेकडून पराभूत झाला.

पोर्तुगालचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८९ मध्ये रियाध येथे आणि १९९१ मध्ये लिस्बन येथे, अशी सलग दोन विजेतेपदे त्या देशाने मिळवली. लिस्बनच्या अंतिम सामन्याला सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. फिगो, रुई कोस्टा, जोआओ पिंटो यांच्या पिढीला 'सुवर्णपिढी' हे नाव मिळाले. ते नाव त्यांना आयुष्यभर पुरले, पण जड गेले. २००४ च्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना याच लिस्बनमध्ये झाला आणि फिगो व रुई कोस्टा ज्या संघात होते तो संघ ग्रीसकडून हरला. या खेळाडूंना राष्ट्रीय संघासाठी एकही मोठे विजेतेपद मिळवता आले नाही. त्यामुळे त्यांची कारकीर्द बहुतेकदा अपुऱ्या वचनपूर्तीची कथा म्हणून सांगितली जाते. १९९१ मध्ये त्यांनी जे मिळवले ते पूर्णच होते, हे सांगण्याचे मात्र राहून जाते.

विरुद्ध पक्षाचा विचारही येथे करावयास हवा. १९७९ मध्ये मॅराडोना आणि २००५ मध्ये मेस्सी या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. १९९९ मध्ये नायजेरियात जिंकलेल्या स्पेनच्या संघातील झावी व कासियास २०१० मध्ये विश्वविजेते झाले. ही उदाहरणे खरी आहेत. परंतु ती निवडक आहेत. २००३ मध्ये सर्वोत्कृष्ट ठरलेला संयुक्त अरब अमिरातीचा इस्माईल मतर मुख्य विश्वचषकात कधीच खेळू शकला नाही. एम्बापे एकोणिसाव्या वर्षी, २०१८ मध्ये, विश्वविजेता झाला आणि या युवा स्पर्धेत तो कधी उतरलाच नाही. थोर खेळाडू या वाटेने जातात तसेच ती टाळूनही जातात, एवढेच अनुमान यातून निघते. भाकित म्हणून या स्पर्धेची विश्वासार्हता मर्यादित आहे.

उद्याच्या नावाने आजचा वापर

भाकित चुकले तर फारसे बिघडत नाही. त्याच्या आडून जे साधले जाते त्याने बिघडते. याची तीन रूपे इतिहासात आढळतात.

पहिले रूप सत्तेचे. ७ सप्टेंबर १९७९ रोजी तोकियो येथे मेनोत्ती यांच्या मार्गदर्शनाखालील अर्जेंटिनाच्या संघाने सोव्हिएत संघाला ३-१ असे हरवले. त्याच आठवड्यात आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाचे शिष्टमंडळ ब्युनोस आयरेसमध्ये दाखल झाले होते. लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांचे नातेवाईक तक्रारी नोंदवण्यासाठी मायो मार्गावर रांगा लावून उभे होते. विजयाची वार्ता येताच एका लोकप्रिय रेडिओ समालोचकाने जनतेला जल्लोषासाठी याच मार्गावर येण्याचे आणि देशाचे 'खरे रूप' शिष्टमंडळाला दाखवण्याचे आवाहन केले. एकोणीस वर्षांच्या मुलांचा निर्मळ आनंद रांगेतल्या मातांच्या विरोधात उभा करण्यात आला. या प्रसंगाचा उल्लेख मॅराडोनाच्या उदयाच्या कथेत सहसा तळटीपेपुरता येतो. 'ताऱ्याचा जन्म' एवढाच त्या स्पर्धेचा अर्थ मानला की अशी गाळणी आपोआप होते.

दुसरे रूप महासंघांचे. १९८८ मध्ये मेक्सिकोने युवा स्पर्धेच्या पात्रता फेरीत वयोमर्यादा ओलांडलेले खेळाडू उतरवल्याचे सिद्ध झाले. फिफाने त्या देशाच्या सर्व संघांवर दोन वर्षांची बंदी घातली आणि त्यामुळे मेक्सिकोला १९९० च्या विश्वचषकाला मुकावे लागले. नायजेरियाच्या खेळाडूंच्या जन्मनोंदींत तफावत आढळल्याने त्या देशावरही कारवाई झाली व १९९१ चे यजमानपद त्याच्याकडून काढून पोर्तुगालला देण्यात आले. २००९ पासून सतरा वर्षांखालील स्पर्धेत मनगटाच्या एमआरआय चाचणीचा अवलंब होतो. विशीच्या उंबरठ्यावर मनगटाच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली असल्याने तेथे ही चाचणी फारशी उपयोगी पडत नाही व भिस्त कागदपत्रांवरच राहते. खोट्या जन्मतारखेचा दोष खेळाडूच्या माथी मारणे सोपे असते. परंतु युवा विजेतेपद म्हणजे राष्ट्राच्या भविष्याचे प्रमाणपत्र अशी समजूत असल्यावर ते प्रमाणपत्र मिळवण्याचा मोह संस्थांनाच अधिक होतो, हे विसरता येत नाही.

तिसरे रूप बाजाराचे. २००९ मध्ये कैरो येथे घानाने ब्राझीलला पेनल्टीवर हरवून ही स्पर्धा जिंकणारा पहिला आफ्रिकी संघ होण्याचा मान मिळवला. सदतिसाव्या मिनिटाला एक खेळाडू बाहेर काढला गेल्यावर उरलेला सामना व जादा वेळ घानाचे दहा जण खेळले. आठ गोल करणारा डॉमिनिक आदिया स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि लगेचच मिलानच्या प्रसिद्ध एसी मिलान क्लबने त्याला करारबद्ध केले. तेथे स्थिरावण्याची संधी न मिळता तो एका देशातून दुसऱ्या देशात उसना दिला जात राहिला व पुढे थायलंडमध्ये खेळला. २०१० च्या विश्वचषकात उरुग्वेविरुद्ध अखेरच्या क्षणी सुआरेझने गोलरेषेवर हाताने अडवलेला चेंडू आदियाच्याच डोक्यावरून निघालेला होता. त्या हाताची जगभर चर्चा झाली. चेंडू मारणाऱ्याचे नाव किती जणांच्या स्मरणात राहिले असेल? 'पुढे काय झाला' या एकाच प्रश्नाने मोजल्यास आदिया अपयशी ठरतो. कैरोतील त्या रात्रीच्या मापाने पाहिल्यास त्याने आफ्रिकी फुटबॉलमध्ये तोवर कोणी न केलेले काम केले होते.

एकदाच उघडणारे दार

या स्पर्धेचे स्वरूप समजण्यासाठी तिची वयोमर्यादाच सर्वांत उपयुक्त ठरते. मुख्य विश्वचषक एखाद्या खेळाडूला तीन-चार वेळा खेळता येतो. युवा स्पर्धेचे दार बहुतेकांसाठी एकदाच उघडते. कोविड साथीमुळे २०२१ ची स्पर्धा रद्द झाली. २००१ व २००२ मध्ये जन्मलेल्या मुलांची ती हक्काची संधी होती. २०२३ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतरचा जन्म आवश्यक असल्याने ती त्यांना कायमची दुरावली. पुढे २०२३ मध्ये इस्रायलच्या सहभागाला इंडोनेशियात राजकीय विरोध झाला. फिफाने स्पर्धेस दोन महिने असताना यजमानपद काढून घेतले आणि स्पर्धा अर्जेंटिनाला दिली. यजमान म्हणून प्रवेश मिळालेला इंडोनेशियाचा युवा संघ त्यामुळे स्पर्धेबाहेर गेला.

स्पर्धा ही केवळ पूर्वतयारी असेल तर या मुलांचे नुकसान किरकोळ मानावे लागेल, कारण खरी परीक्षा पुढेच आहे. परंतु त्यांपैकी बहुसंख्यांसाठी पुढची परीक्षा कधीच येणार नव्हती. त्यांच्या आयुष्यातील जागतिक फुटबॉल तेवढेच होते. हे नुकसान मोजण्याची भाषा 'भावी ताऱ्यां'च्या समीक्षेजवळ नाही.

ती भाषा कशी असू शकते याची चुणूक २०१७ मध्ये दिसली. दक्षिण कोरियातील स्पर्धेत व्हेनेझुएलाचा संघ प्रथमच अंतिम फेरीत गेला. मायदेशी त्या वेळी सरकारविरोधी निदर्शनांत तरुण मारले जात होते. उपांत्य सामना जिंकल्यानंतर प्रशिक्षक राफाएल दुदामेल यांनी राष्ट्राध्यक्षांना शस्त्रे थांबवण्याचे जाहीर आवाहन केले. आज एका सतरा वर्षांच्या मुलाने देशाला आनंद दिला आणि काल एका सतरा वर्षांच्या मुलाचा जीव गेला, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. १९७९ मध्ये मुलांचा विजय सत्तेच्या सोयीसाठी वापरला गेला. येथे प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूंकडे प्रथम जिवंत असलेली मुले म्हणून पाहिले.

भारतीय संदर्भ

भारत या स्पर्धेसाठी आजवर पात्र ठरलेला नाही. १९७४ मध्ये बँकॉक येथे भारताच्या युवा संघाने इराणसह आशियाई युवा विजेतेपद संयुक्तपणे पटकावले. तेव्हा जागतिक स्पर्धा अस्तित्वात यायला तीन वर्षे अवकाश होता. त्या यशाचे पुढे काही झाले नाही म्हणून ते आज जवळपास विस्मृतीत गेले आहे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने भारतात, त्यांत नवी मुंबई व मडगाव येथेही झाले. भारतीय संघ तिन्ही सामने हरला. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातील भारताचा पहिला गोल. त्या मुलांविषयी आज विचारला जाणारा प्रश्नही तोच असतो : त्यांतले किती मुख्य संघात पोहोचले?

योगायोगाने २०१९ ते २०२४ या काळात भारतीय संघाचे प्रशिक्षकपद इगोर स्टिमाच यांच्याकडे होते. १९८७ मध्ये चिली येथे विजयी झालेल्या युगोस्लाव्हिया युवा संघात ते खेळले. बोबान, शुकर, प्रोसिनेचकी, मियातोविच यांच्या त्या संघाचे भविष्य सर्वांना उज्ज्वल दिसत होते. चार वर्षांत त्यांचा देशच फुटू लागला. १९९८ मध्ये त्यांपैकी काही जणांनी क्रोएशियाच्या वतीने विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवला. मियातोविच मात्र त्या वेळी दुसऱ्या झेंड्याखाली होते. ज्या 'उद्या'साठी तो संघ घडवला असे म्हटले जाई तो उद्या आलाच नाही. सान्तियागोमधील विजय मात्र घडून गेला होता आणि तो कोणालाही परत घेता येणारा नव्हता.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेचे मूल्यमापन तिने किती तारे दिले यावरून करणे अपुरे आहे. १९८१ मध्ये कतारच्या मुलांनी ब्राझीलला ३-२ आणि इंग्लंडला २-१ असे हरवून अंतिम फेरी गाठली होती. कतारचा मुख्य संघ विश्वचषकात प्रथम दिसला तो २०२२ मध्ये, यजमान म्हणून. १९८१ च्या त्या दोन विजयांना पुढे फळ आले नाही म्हणून ते खोटे ठरत नाहीत.

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी सान्तियागो येथे मोरोक्कोने अर्जेंटिनाला २-० असे हरवून ही स्पर्धा प्रथमच जिंकली. दोन्ही गोल यासिर झाबिरीचे होते. झाबिरी पुढे कोणत्या उंचीवर जाईल हा प्रश्न साहजिकच विचारला जाईल, आणि तो विचारण्यात गैर काही नाही. मात्र त्याचे उत्तर येईपर्यंत त्या रात्रीच्या खेळाची किंमत खोळंबून ठेवू नये. युवा क्रीडेच्या समीक्षेने एवढे पथ्य पाळले, तर मैदानावरच्या मुलांकडे ती आजच्या काळात पाहू शकेल आणि त्यांच्या नावावर कोण काय मिळवतो आहे, तेही तिच्या नजरेतून सुटणार नाही.