सप्तपदी आणि परवाना

परदेशात राहण्याची मुदत उलटून गेली, मग तेथील नागरिकाशी लग्न लावून वास्तव्याचा हक्क मिळविला, असल्या वार्ता आपल्या समाजातही आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. अशा विवाहाकडे आपण दोनच दृष्टींनी पाहतो : युक्ती म्हणून कौतुकाने, नाही तर लबाडी म्हणून तिरस्काराने. या दोहोंच्या मध्ये जे माणसाचे मन असते, ते पीटर विअर यांनी ‘ग्रीन कार्ड’ (१९९०) या चित्रपटात हेरले आहे. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही तो चर्चेस पात्र वाटतो. जेथे तो उणा पडतो, तेथेही विचार करावयास लावतो.

कथा साधी आहे. जॉर्ज या फ्रेंच गृहस्थास अमेरिकेत राहण्याचा परवाना हवा आहे. ब्राँटे या वनस्पतिप्रेमी तरुणीस न्यूयॉर्कमधील काचेच्या बागेसह असलेली एक जागा हवी आहे आणि ती मिळण्यासाठी विवाहित असणे आवश्यक आहे. दोघे लग्न लावतात आणि लागलीच आपापल्या वाटेने जातात. पुढे सरकारी चौकशी येते, तेव्हा एकत्र राहून एकमेकांच्या सवयी पाठ करण्याची पाळी त्यांच्यावर येते. खोटी छायाचित्रे काढून सहजीवनाचा पुरावा तयार होतो. पाठांतर करता करता ओढ मात्र खरीच उत्पन्न होते. अखेर मुलाखतीत पत्नीच्या चेहऱ्याला लावावयाच्या मलमाचे नाव जॉर्जला आठवत नाही आणि सारा डाव उघडा पडतो.

या प्रसंगातील उपरोध मार्मिक आहे. असल्या मलमाचे नाव वीस वर्षे सुखाने संसार केलेल्या नवऱ्यासही सांगता यावयाचे नाही! जेरार देपार्द्यू यांचा ओबडधोबड, पण जिव्हाळ्याचा अभिनय हे मर्म प्रेक्षकांच्या मनावर उत्तम ठसवितो.

परंतु कायद्याचा प्रश्न निराळा आहे. रीतसर तपासणी होऊन अमेरिकेत आलेल्या माणसाची मुदत उलटली, तरी नागरिकाशी खरा विवाह झाल्यास देश न सोडता कायम वास्तव्य मिळविण्याची वाट त्याला सामान्यतः मोकळी असते. चुकलेल्या तारखेला तेथे क्षमा आहे. खोट्या हेतूला नाही. विवाहसमयी दोघांचा एकत्र संसार करण्याचा हेतू होता काय, ही कसोटी तेथील अपील न्यायालयाने १९७५ साली सांगितली. नंतर जडलेल्या प्रेमाने आधीचा हेतू शुद्ध होत नाही. इतकेच नव्हे, तर परवान्यासाठी खोटा विवाह केल्याचे एकदा ठरले, की पुढे खऱ्या विवाहाच्या आधारे केलेला अर्जही मंजूर होत नाही.

चित्रपटाचा शेवट या प्रकाशात पाहावा. ब्राँटेला त्रास होऊ नये म्हणून जॉर्ज देश सोडण्यास तयार होतो आणि निरोपाच्या क्षणी दोघे एकमेकांच्या बोटांत पुन्हा अंगठ्या घालतात. प्रेक्षक डोळे पुसून आशेने उठतो. वस्तुतः पत्नी म्हणून ब्राँटेने त्याला बोलावून घेण्याची वाट त्याच क्षणी बुजलेली असते. विअर हे सांगत नाहीत. शोकान्त कथेला त्यांनी सुखान्ताचा वेष चढविला, हा या कलाकृतीचा मुख्य दोष होय.

आपल्या कायद्यात तर तारखेचीही क्षमा नाही. नागरिकत्व कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीनंतर मुदतीबाहेर राहिलेला परकीय, काही अपवाद सोडता, ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरतो. भारतीयाशी विवाह करून सात वर्षे येथे राहिलेल्यास नोंदणीने नागरिकत्व मागता येते, पण ते अशा स्थलांतरितास मागता येत नाही.

आम्हां लांजीकरांना हे सारे दूरचे वाटते. १९५६ साली बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला. पण आमगाव-गोंदियाकडील सोयरीक तुटली नाही. उंबऱ्यावरचे माप ओलांडणाऱ्या सुनेला कोणी परवाना विचारला नाही. परंतु परदेशी स्थळे आली, तशी विधीपूर्वीच नोंद करून घेण्याची घाईही आली. १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच घाईवर बोट ठेवले. व्हिसासाठी आधी नोंद आणि विधी पुढे केव्हा तरी, ही रीत न्यायालयाने अमान्य केली. विधीवाचून हिंदू विवाह होत नाही, आणि नोंदणीचा दाखला हा झालेल्या विवाहाचा पुरावा आहे, विवाह नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

जॉर्ज आणि ब्राँटे यांची हीच गत झाली. दाखला आधी आला, मन मागाहून आले. आणि मन आले तेव्हा दाखल्याने दगा दिला. मुलीचे स्थळ परदेशी ठरविणाऱ्या आईबापांनी हा चित्रपट अवश्य पाहावा, हसावे, आणि त्याने शेवटी जे सांगावयाचे टाळले आहे, ते आपल्या मुलीला दाखल्यावर सही करण्यापूर्वी समजावून सांगावे.