काशीचे रंग आणि बरव्यांचा कॅनव्हास

अमूर्त चित्रासमोर उभे राहिले की 'यात आहे तरी काय?' हा प्रश्न हमखास ऐकू येतो. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याची थट्टा करणे आम्हांस रुचत नाही. पण आम्ही रत्नागिरीकर एका किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतो आणि दुसऱ्याला पांढरा समुद्र, तेव्हा आपण काय करतो? पाणी काळेही नसते, पांढरेही नसते. होड्या, माड, माणसे बाजूला सारून वाळूचा एक रंग तेवढा आपण मनात ठेवतो. अमूर्तकार हेच करतो, फक्त अधिक कष्टाने.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) हे आपल्याच कोकणपट्टीतले, अलिबागजवळच्या नागावचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते विणकर सेवा केंद्राच्या नोकरीनिमित्त वाराणसीस गेले आणि साठोत्तरी दशकाच्या पूर्वार्धात तेथे राहिले. घाट, शालू, गुलाल, झेंडूच्या माळा, चितांचा धूर: रंगांची एवढी दाटी असलेली नगरी क्वचितच सापडेल. १९६० साली हुसेन यांच्यासह तेथे गेलेल्या रामकुमार यांनी आपल्या काशीतून माणसेच वगळली आणि घरांचे ठोकळे व उदास छटा तेवढ्या राखल्या. पुढे तीच वाट त्यांना पूर्ण अमूर्ताकडे घेऊन गेली. बरव्यांनी मात्र देखावा सोडून चिन्हे उचलली. तांत्रिक आकृत्यांचा प्रभाव त्यांच्या त्या दशकातील चित्रांवर स्पष्ट दिसतो.

आमचा थोडा मतभेद आहे तो येथेच. ही चित्रे देखणी आहेत, पण त्यांतील चिन्हे परंपरेने तयार करून ठेवलेली आहेत. त्यांचे वजन चित्रकाराने स्वतः कमावलेले नाही. काशीचे खरे देणे बरव्यांच्या चित्रांत उमटले ते मुंबईस परतल्यानंतर, बऱ्याच वर्षांनी. पान, घड्याळ, शंख, टाचणी अशा साध्या वस्तू सपाट, शांत अवकाशात येऊन बसल्या. एनॅमलसारखा दारे-खिडक्यांना लावायचा रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला. १९७६ साली त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. काशीचा एकही घाट या चित्रांत नाही. पण साधी वस्तूही खूण होऊ शकते, ही दृष्टी तिथलीच आहे.

ही दृष्टी आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी रोजच्या जेवणातला मासा श्रद्धेची खूण म्हणून भिंतींवर रेखला. तो मासा कोणत्या जातीचा, असे कोणी विचारले नसेल. तंत्रमार्ग आपला नव्हे. म्हणून त्या चित्रांकडे पाठ फिरवावी, असेही आम्हांस वाटत नाही. चिन्ह उसने आहे की जगून मिळवलेले, हा निकष मात्र आपण कोणत्याही चित्राला लावू शकतो, अगदी आपल्या चर्चमधील चित्रांनाही.

बरव्यांचे चिंतन 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या मराठी ग्रंथात आहे; ते पुस्तक घरातील तरुणांच्या हाती अवश्य द्यावे. प्रवासाहून परतताना आपण छायाचित्रे आणतो, ती पाहुण्यांना दाखवून कपाटात जातात. वर्षांनंतरही मनात काय उरले, हा प्रश्न बरव्यांची चित्रे विचारतात. 'यात आहे तरी काय?' याचे उत्तर आम्हांला तेथे सापडते.