गद्दाराची तौबा आणि जुम्मा दरवाजा

भविष्यकाळाची कथा लिहिणाऱ्यालाही फितुरीची जुनी गोष्ट टाळता येत नाही. अमेरिकेत 1958 मध्ये 'लीजन ऑफ सुपरहिरोज' ही चित्रकथा सुरू झाली. तिसाव्या शतकातील अचाट शक्तीच्या तरुणांचे एक पथक, ही तिची कल्पना. 1966 मध्ये या पथकात शत्रूला सामील असलेला एक सदस्य आला. अशा कथांचा पुढे एक साचाच बनला. वीर साथीदारांशी दगा करतो, पस्तावतो, प्राण पणाला लावतो आणि पुन्हा आपला होतो. वाचक हेलावतो. हेलावण्याला आमची हरकत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्याला माफी कोण देतो? ज्यांचे नुकसान झाले त्यांना कथेत बोलायला जागा मिळते का?

बंद्याचा हक्क मारला असेल तर नुसती तौबा पुरत नाही, त्या बंद्याचे देणे फेडावे लागते, हे आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. आम्ही ते येथे धर्मोपदेश म्हणून सांगत नाही. साहित्याची कसोटी म्हणून ते उपयोगी पडते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही कसोटी लावून पाहण्यासाठी तिसाव्या शतकात जाण्याची गरज नाही. नागपूरचे अप्पासाहेब भोसले पाहा. मे 1816 मध्ये त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फेब्रुवारी 1817 मध्ये गादीवरचे चुलतभाऊ परसोजी मृत सापडले. खुनाचा ठपका अप्पासाहेबांवर आला. त्याच वर्षी ते पेशव्यांच्या बाजूला वळले. 24 नोव्हेंबरला त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेब सुभ्याची वस्त्रे स्वीकारली आणि 26 तारखेला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई पेटली. येथपर्यंतची कथा म्हणजे चुकलेल्या वीराचे पुनरागमन. कादंबरीकाराला आणखी काय हवे?

पण त्या लढाईत लहान टेकडी जिंकून घेतली ती अप्पासाहेबांच्या अरब शिपायांनी. लढाई हरताच अप्पासाहेबांनी हल्ल्याची जबाबदारी झटकली आणि 16 डिसेंबरला ते इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सच्या स्वाधीन झाले. धनी शरण गेला, तरी अरब शहरात लढत राहिले. 24 डिसेंबरला जुम्मा दरवाजावर, म्हणजे महालातील आजच्या गांधी गेटवर, झालेला इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला. अखेर सुरक्षित वाट मिळण्याची अट घालून महिनाअखेरीस ते बाहेर पडले.

अप्पासाहेबांना आणखी एक संधी मिळाली. 1818 मध्ये ते इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने झगडले आणि 1840 मध्ये जोधपूरला वारले. या वणवणीत लेखकाला प्रायश्चित्त दिसू शकते. दिसावेही. पण जुम्मा दरवाजावरच्या अरबांना आणि आसरा देणाऱ्या गोंडांना 'सैनिकांचा जमाव' म्हणून एका वाक्यात उरकले, तर ते प्रायश्चित्त फुकटचे ठरते.

येथे आपल्याही लेखणीला एक मोह होतो. इमानाबद्दल वारंवार संशय सोसलेल्या समाजाला हे अरब म्हणजे वफादारीचा आयता दाखला वाटतात. ते टाळावे. ते पगारी शिपाई होते. आपली कुटुंबे, आपली बाकी आणि आपली अब्रू यांचाही विचार त्यांच्या मनात असणार. त्यांना पुतळे करणे हाही त्यांच्यावर अन्यायच. गद्दार ठरवणारा आणि वफादार ठरवणारा, दोघेही माणसाला माणूस राहू देत नाहीत.

दगा आणि पश्चात्ताप या विषयावर मराठीत कथा जरूर यावी, मग ती सीताबर्डीची असो की तिसाव्या शतकातली. आमची अपेक्षा एवढीच, की परत येणाऱ्या वीराला दार उघडण्यापूर्वी, तो नसताना ते दार कोणी राखले हे लेखकाने सांगावे, आणि उघडायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे.