बुडबुड्यांचे परीक्षण

परीक्षण लिहायला पुस्तक वाचावेच लागते असे नाही, हे मला फार लवकर उमगले. प्रस्तावना चाळावी, मधले एखादे पान उघडून मुद्रणदोष हुडकावा आणि शेवटी 'लेखकाकडून आणखी अपेक्षा आहेत' असे म्हणून मोकळे व्हावे. एवढ्या भांडवलावर मी नातेपुत्यात बरीच वर्षे समीक्षक म्हणून वावरतो आहे. गावात दुसरा समीक्षक नसल्यामुळे मानही बरा आहे. पण सरबतावर मी कधी लिहिले नव्हते. यंदाच्या चैत्रात तोही योग आला, आणि त्या एका परीक्षणाने घरात जे रामायण झाले ते माझ्या हातून आजवर एकाही कवितासंग्रहाचे झाले नव्हते.

चैत्र म्हणजे आमच्याकडे उन्हाचा दरबार. इकडे शिखर शिंगणापूरची यात्रा असते. कावडीवाले मुंगी घाटातून पाण्याची कावड खांद्यावर घेऊन डोंगर चढतात आणि महादेवाला पाणी घालतात. देवालासुद्धा या दिवसांत पाणी लागते, मग माणसांचे काय सांगावे! घरोघर चैत्रगौरीची हळदीकुंकवे सुरू होतात. आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हे. आमच्या घरी पन्हे करायचे ते आईने. हा नियम मला कळायला लागल्यापासूनचा.

यंदा आईचा हात जरा थरथरायला लागला आहे. हे हेरून पुण्याहून आलेली पुतणी म्हणाली, "आजी, या वर्षी वेलकम ड्रिंक माझ्याकडे!"

आईला 'वेलकम ड्रिंक' कळले नाही. 'माझ्याकडे' मात्र बरोबर कळले. ती काही बोलली नाही. उठली आणि पडवीतल्या खुर्चीवर जाऊन बसली.

दुपारी रंगीत तालीम झाली. उंच पेले, त्यांत तळाला लाल सिरप, वर बर्फ, वर सोडा, सोड्यावर पुदिन्याचे पान आणि काठावर लिंबाची चकती. दिसायला पेय असे देखणे की पिण्याऐवजी फोटो काढावा. सगळ्यांनी तेच केले. मी मात्र समीक्षकाच्या भूमिकेतून एक घोट घेतला. वास डाळिंबाचा, रंग डाळिंबाचा, पण डाळिंब कुठेच नाही. ज्या सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्यात बसून आम्ही बाटलीतला लाल पाक पीत होतो!

चार माणसे आपल्या तोंडाकडे बघताहेत म्हटल्यावर समीक्षकाच्या जिभेला खाज सुटतेच. मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "मुखपृष्ठ उत्तम. मजकूर नाही."

सगळे हसले. पुतणी हसली नाही. तिने ट्रे उचलला आणि आत गेली. आतून भांडी घासल्याचा जो आवाज आला, तो काही भांड्यांचा नव्हता.

तेवढ्यात पडवीतून आई म्हणाली, "तुला येतं का रे करायला?"

मंडळी, समीक्षकाला विचारू नये असा जगात हा एकच प्रश्न आहे.

आता माघार घेणे शक्य नव्हते. आईने सकाळीच सवयीने चार कैऱ्या उकडून ठेवल्या होत्या. मी त्यांचा गर काढला, गूळ घातला, वेलची घातली. मग विचार केला, की फेस हवाच आहे ना मुलीला, मग घ्या फेस! पेला सोड्याने काठोकाठ भरला आणि त्यात वरून गराचे दोन डाव सोडले. चव यावी म्हणून चिमूटभर मीठही टाकले. पुढचे मी पाहिले नाही, कारण माझा चष्मा भरला होता. टेबलक्लॉथ, भिंतीवरचे कॅलेंडर आणि माझा धुवट सदरा असा त्या पेयाचा प्रसार झाला.

वहिनी फडके घेऊन आल्या. म्हणाल्या, "भावजी, मजकूर सांडला."

या हशात पुतणीही सामील झाली. तेवढ्यासाठी सदरा गेला तरी चालेल असे मला वाटले. मग तिनेच मला सोड्याचे शास्त्र समजावून दिले, आणि खरे सांगतो, मला ते साहित्यशास्त्रापेक्षा सुबोध वाटले. सोडा म्हणजे दाबाने पाण्यात कोंबलेला कार्बन डायऑक्साइड. त्याला बाहेर पडायला एखादा खडबडीत कण लागतो. गराचा धागा, मिठाचा खडा काहीही चालते. मी दोन्ही एकदम पुरवले होते. शिवाय पाणी जितके गरम तितका वायू कमी मावतो. शून्य अंशाला लिटरभर पाण्यात साधारण १.७ लिटर वायू विरघळतो, वीस अंशाला ०.९ आणि चाळीस अंशाला जेमतेम अर्धा लिटर. नातेपुत्याच्या चैत्रात फळीवर ठेवलेली बाटली उघडली तर फेस बाहेर आणि आत नुसते तुरट पाणी.

"म्हणजे सोडा गार, पन्हंही गार, आणि सोडा सगळ्यात शेवटी," ती म्हणाली. "पेल्याच्या कडेनं, हळू. मग एकदाच ढवळायचं."

मला लहानपणीची गोटीची बाटली आठवली. यात्रेतला सोडावाला अंगठ्याने गोटी आत ढकलायचा, 'ट्वॉक' असा आवाज व्हायचा आणि निम्मी तहान त्या आवाजानेच भागायची. ती बाटली कुणा इंग्रज हायरम कॉडने १८७२ च्या सुमाराला काढली. गंमत अशी, की तिला बूच नाही. आतला वायूच गोटीला रबरी कड्यावर दाबून धरतो. म्हणजे कैद्यानेच दार लावून घ्यायचे! आणि सोड्याचा मूळपुरुष जोसेफ प्रिस्टली. त्याने लीड्समध्ये शेजारच्या बियरच्या भट्टीतल्या पिंपांवर साठणारा वायू पाण्यात उतरवला, तो १७६७ च्या सुमाराला. बिनदारूचे हे पेय जन्मले दारूच्या पिंपावर. मोठमोठ्या घराण्यांचे मूळ फार शोधू नये म्हणतात, ते असे.

पुतणीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मी वहीत टिपून ठेवली. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत, फेसाळ पेयाला 'फळांचे पेय' म्हणवून घ्यायचे असेल तर त्यात निदान दहा टक्के फळ असावे लागते. लिंबाचे असेल तर पाच टक्के. मी थक्क झालो. पुस्तकांना हा नियम लावला तर? दर शंभर पानांत दहा पाने मजकूर, आणि कवितेला लिंबाची सवलत देऊन पाच! माझ्या कपाटातली निम्मी पुस्तके सरबत म्हणूनसुद्धा पास होणार नाहीत. आणि माझी परीक्षणे? तो हिशोब मी केला नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून नवी आवृत्ती काढली. कैरीचा गर गाळून घेतला. गूळ, मीठ, वेलची आधीच त्यात पुरती विरघळवली आणि पातेले बर्फात ठेवले. सोडा मुळात थोडा आंबट असतो, आणि थंडपणात गोडी कमी लागते. म्हणून गूळ नेहमीपेक्षा चढता हवा. पण किती चढता? इथे दोघांची गाडी अडली. पुतणी पडवीत गेली.

"आजी, चार कैऱ्यांना गूळ किती?"

"मुठीनं."

"मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

आई उठली. ओट्याशी आली. थरथरत्या हाताने चिरलेला गूळ उचलून तिने काट्याच्या ताटलीत टाकला. पुतणीने आकडा पाहिला, गूळ काढून ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा." आईने पुन्हा मूठ घातली. तिसऱ्यांदाही घातली. पुतणी काट्याकडे बघत राहिली. तिन्ही वेळा काटा तिथेच. हात हलत होता, मूठ हलत नव्हती. तिने आकडा वहीत लिहिला आणि त्यापुढे 'आजीची मूठ' असे लिहिले.

संध्याकाळी बायका आल्या. तळाला चार बोटे पन्हे, वर कडेने सोडलेला सोडा, आणि पुदिन्याचे ते पान, कारण मुखपृष्ठाला माझा विरोध कधीच नव्हता. कुणी म्हणाले नाकात जाते, कुणी म्हणाले ठसका लागला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "ह्ये कैरीचंच हाय, पर चावतंय की!" अशी नेमकी समीक्षा मला तीस वर्षांत साधलेली नाही.

तेवढ्यात शिंगणापूरहून परतणारे दोघे दाराशी थांबले. पुतणी लगबगीने दोन पेले घेऊन गेली. थोरला म्हणाला, "आदी पानी द्या, बाय." तिने तांब्या दिला. त्याने घटाघटा पाणी प्यायले, तोंड पुसले, मग पन्ह्याचा पेला घेतला आणि सावकाश संपवला. बोलला काहीच नाही. रिकामा पेला फक्त पुन्हा पुढे धरला.

सगळे गेल्यावर आईने तिचा पेला हातात घेतला. आम्ही दोघेही तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. तिने एक घोट घेतला, नाक मुरडले, ढेकर दिली.

"गूळ अर्धी मूठ कमी पडलाय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी सांगीन."

पुतणीने वही काढली. मी परीक्षणाचा विचार सोडून दिला आणि भांडी विसळायला घेतली.